सतरा मिनिटांचा वारा

दोरा तेवीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरला. साधा पांढरा शिवणाचा दोरा. एक टोक सिंगापूरवर, दुसरं रोमवर, आणि मधला भाग पृथ्वीगोलाला इतका घट्ट बसलेला की त्याची सावलीसुद्धा पडत नव्हती. सिंगापूरचं टोक नानांनी अंगठ्याने दाबून धरलं होतं. रोमचं टोक मी धरायचं हे त्यांनी न विचारताच ठरवलं होतं.

"सोडू नकोस," नाना म्हणाले. "आता बघ गंमत."

मोकळ्या हाताचं बोट ते दोऱ्यावरून सरकवत निघाले. "हे सिंगापूर सुटलं. हे अंदमान, बघ, अगदी पोर्ट ब्लेअरवरून. मग समुद्र, समुद्र, नुसता समुद्र. श्रीकाकुलमपाशी जमीन लागली. आणि हे..." बोट थांबलं. "हे कोणतं गाव आलं?"

"नागपूर."

"नागपूर! डोक्यावरून जाणार आपल्या. अगं, टोक का हलवलंस? सोडू नकोस म्हटलं ना."

टोक हललं होतं खरं. पण नागपूर आलं तेव्हा नाही, त्याच्या आधी, पोर्ट ब्लेअरवर बोट आलं तेव्हा.

ही जानेवारी त्र्याण्णवमधली गोष्ट. नाना, माझे वडील, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. मी सदतीस वर्षांची, हवामान खात्यात, विमानतळाजवळच्या कार्यालयात. आमचं काम वरच्या हवेचं. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडायचा, त्याला बांधलेलं यंत्र कुठल्या उंचीवर किती वारा, किती थंडी ते कळवत जातं, ते कागदावर उतरवायचं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. खामल्यातल्या त्या घरात नाना आणि मी, दोघंच. माझी धाकटी बहीण चारू लग्नानंतर चार वर्षं सिंगापूरला होती. आता तिच्या नवऱ्याला, श्रीकांतला, त्याच्या कंपनीने रोमला पाठवलं होतं आणि रविवारी सकाळी दोघं थेट तिकडेच निघणार होते. वाटेत नागपूरला येणं जमणार नव्हतं. या बातमीने नाना आठवडाभर गप्प होते. मग शुक्रवारी त्यांनी पृथ्वीगोल खाली काढला, आणि दोरा ताणल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात नाना हे दोरे ठेवत. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. 'चारू – पुणे', ती शिकायला गेली तेव्हाचा, जेमतेम दीड सेंटिमीटरचा. 'चारू – बंगलोर.' 'चारू – सिंगापूर', आठ सेंटिमीटर दोन मिलिमीटर, म्हणजे तीन हजार चारशे ऐंशी किलोमीटर. ती पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा कुणीही घरी आलं की नाना डबा काढत आणि म्हणत, "तशी फार लांब नाही हो. सरळ उड्डाण असतं तर चार तास."

माझ्या नावाचा दोरा डब्यात नव्हता. एकदा मी हसत हसत विचारलंही होतं.

"तुझा कशाला?" नाना म्हणाले होते. "तू तर इथेच आहेस."

माझ्या पर्समध्ये त्या शुक्रवारी एक पत्र होतं. बढतीवर पोर्ट ब्लेअरला बदली, मान्य आहे की नाही ते सोमवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. असं पत्र मला तिसऱ्यांदा आलं होतं. पहिलं आलं तेव्हा नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी नाही लिहून दिलं. दुसरं आलं तेव्हा असं काहीच कारण नव्हतं, तरी नाही लिहून दिलं. दोन्ही वेळा नानांना सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा पत्र येत नसतं, हे मोठ्या साहेबांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. जायचं मनात होतं. पण हो लिहायला कागद घेतला की पेन थांबायचं.

दोऱ्यावरून बोट उचलून नाना म्हणाले, "आता तुझं काम. विमान आपल्या डोक्यावर किती वाजता येईल ते काढून दे."

"कशाला?"

"मी गच्चीत उभा राहणार. आरसा घेऊन."

दाढीचा आरसा. सूर्याचा कवडसा विमानावर पाडायचा, चारूने डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचं आणि खाली चमक शोधायची. शाळेत असताना ते मुलांना टेकडीवर नेऊन हा प्रयोग करून दाखवत. "लष्करात पूर्वी असेच निरोप धाडायचे. पंधरा-वीस मैलांवरून दिसतं. हे तर जेमतेम सात मैल. पण वेळ नेमकी हवी, कुमू. अर्धा तास आरसा धरून माझा हात राहायचा नाही."

"एवढं मोठं शहर, त्यात एक आरसा..."

"तिला दिसेल," नाना म्हणाले. "लहानपणी मी शाळेतून यायचो तर कोपऱ्यावरूनच तिला माझी छत्री ओळखू यायची."

छत्री मलाही ओळखू यायची. पण चारू धावत सुटायची आणि मी आधी हातातलं गणित पुरं करायची.

शनिवारी कार्यालयात मी हिशेब केला. सोपा होता. सिंगापूरहून सुटायची वेळ तिथली साडेदहा, म्हणजे आपले आठ. जमिनीवरून सुटायला पंधरा मिनिटं, उंची गाठण्यात वाया जाणारी पाच. पुढे तीन हजार चारशे ऐंशी किलोमीटर, ताशी नऊशेने. बारा वाजून बारा मिनिटं.

पण हे वारा नसलेल्या आकाशातलं. जानेवारीत आपल्याकडे त्या उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो आणि विमान वायव्येला, म्हणजे त्याच्या तोंडावर यायचं. समुद्रावर कमी, इकडे जास्त, असं धरून वेग ताशी आठशे चाळीसवर येत होता. बारा एकोणतीस. सतरा मिनिटांचा फरक. अंतर तेवढंच राहतं, वेळ राहत नाही. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

खात्री म्हणून मी शेजारच्या इमारतीत फोन लावला. तिथे विमानांशी बोलणाऱ्या कंट्रोलमध्ये मेश्राम होते, माझ्या चांगल्या ओळखीचे.

"येते ना मॅडम, हप्त्यातून चारदा येते," ते म्हणाले. "गुरुवारी मीच बोललो त्याच्याशी. साडेबाराला होतं डोक्यावर. काहून विचारून राहिल्या?"

"बहीण आहे उद्या त्यात."

"अरे वा! मग पायलटले सांगू का, जरा थांब म्हणून? बहिणीले चहा पाजून पाठवू."

मी हसले. कागदावर दोन वेळा होत्या, एकाखाली एक. बारा बारा, बारा एकोणतीस.

घरी आले तर नाना फोनपाशी खुर्ची घेऊन बसले होते. समोर कागद, पेन्सिल, आणि मला कित्येक वर्षांत न दिसलेला एक उत्साह. माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी ते असे बसले होते का, हे आठवून पाहिलं. त्या दिवशी ते म्हणाले होते, "कुमूचं काय बघायचं, ती पास होणारच." आणि बाजारात गेले होते.

"निघाली का वेळ?"

"बारा बारा," मी म्हणाले.

नानांनी लिहून घेतलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वारा धरलास ना?"

"धरला."

एवढाच शब्द. पर्समध्ये तो कागद घडी करून ठेवलेला होता, बदलीच्या पत्राला लागून.

नानांनी लगेच सिंगापूरला फोन लावला. "चारू, नीट लिहून घे. तुझं घड्याळ सिंगापूरचंच ठेव. दोन बेचाळीस. दोन चाळीसपासून बघायला लाग. डावी खिडकी. अगं, मी नाही काढलं, ताईने काढलं. मग! ती कधी चुकते का?"

रविवारी पहाटेची पाळी माझीच होती. साडेपाचला फुगा सोडला. थंडी होती, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. सातच्या सुमारास चौतीस हजार फुटांचा आकडा उतरला: पश्चिमेचा वारा, पासष्ट नॉट, म्हणजे ताशी एकशेवीस किलोमीटर. मी तो दोनदा तपासला. चारू अजून विमानात बसायची होती. घरी फोन होता, समोर टेबलावरही फोन होता. मी आकडा वहीत लिहिला, सही केली आणि चहा मागवला.

घरी आले तेव्हा नाना अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार. "पांढरा लवकर दिसतो," ते म्हणाले. मी सोलेभात टाकला. चारूला आवडतो म्हणून नानांनीच हिरव्या तुरीचे सोले आणून ठेवले होते. ती अकरा किलोमीटर उंचावरून जाणार होती, तरी भात तिच्या आवडीचा.

पावणेबाराला आम्ही गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर वैरागडेकाकू मुगवड्या घालत होत्या.

"नाना, आरसा घेऊन वर काहून? दाढी करून राहिले का गच्चीत?"

"चारूला हाक मारायला आलोय."

"चारू आली? कुठं हाय?"

नानांनी बोट वर केलं. काकूंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "बरं हाय ना सगळं, कुमुदताई?"

नाना खदखदून हसले. मग त्यांनी काकूंना सगळं समजावलं, आरसा डोळ्याजवळ कसा धरायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात विमान कसं पकडायचं, आणि कवडसा बोटांवर पडला की समजायचं नेम बरोबर. सराव म्हणून त्यांनी वैरागड्यांच्या पाण्याच्या टाकीवर उजेड नाचवून दाखवला. कवडसा एकदाही टाकीबाहेर गेला नाही.

मला वाटलं होतं, बारा बारा होतील, काहीच दिसणार नाही. नाना वाट बघतील, खाली येतील आणि म्हणतील, चुकलं वाटतं कुमूचं. एवढंच का मला हवं होतं? आज तरी नीट सांगता येत नाही.

पण बारा अकराला खरंच एक विमान आलं. हे माझ्या हिशेबात नव्हतं. दक्षिणेकडून, बारीक पांढरी रेघ ओढत.

"कुमू! आलं! सेकंदाला चुकली नाहीस बघ!"

नानांनी आरसा धरला. दोन बोटं फाकवली. आरशाची कड त्यांच्या गालाला टेकली होती आणि डोळा बारीक झाला होता. ते काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "इकडे बघ, बेटा. खाली बघ. खाली."

मला त्यांनी कधी बेटा म्हटलं नव्हतं. कुमू, कुमुद, पाहुणे असले तर 'आमची मोठी'.

ते विमान हैदराबादकडून दिल्लीला जाणारं होतं. सरळ उत्तरेला गेलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. रेघ विरेपर्यंत नाना आरसा धरून उभे राहिले, मग हात खाली केला आणि कठड्याला टेकले.

"चल," ते म्हणाले. "वाढ जेवायला."

बारा अठराला मी ताट वाढलं. त्यांनी चार घास खाल्ले.

"आरसा वर राहिला," मी म्हटलं. "घेऊन येते."

आरसा वर मीच मुद्दाम ठेवला होता, कठड्यावर. काकू खाली गेल्या होत्या. मुगवड्यांवर पातळ फडकं होतं. मी घड्याळ बघत उभी राहिले. बारा एकोणतीस. काही नाही. बारा तीसला आग्नेयेकडे, पार खाली, एक ठिपका चमकला. मग ठिपक्यामागे रेघ आली. नेमकी ज्या दिशेने यायला हवी त्याच दिशेने, ज्या दिशेने दोरा गोलावर गेला होता.

आरसा माझ्या हातात होता. ऊन होतं. कवडसा कठड्यावर पडला होता, माझ्या हाताबरोबर हलत होता. मी तो भिंतीवरून वर नेला, टाकीच्या कडेपर्यंत नेला. पुढे आकाश होतं. फाकवायची होती फक्त दोन बोटं.

तिला सगळंच मिळतं, असा काहीसा विचार माझ्या मनात आला. तो इतका जुना आणि ओळखीचा होता की मला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. पुणे तिला मिळालं, बंगलोर मिळालं, समुद्रापलीकडचं घर मिळालं, आणि वर नानांचे सगळे दोरेही तिलाच. दर फोनवर ती म्हणायची, "तुझं बरं आहे ताई, तू नानांजवळ आहेस."

मी आरसा पालथा ठेवला.

विमान डोक्यावरून गेलं. आवाज बऱ्याच वेळाने आला, आवाजाला तेवढा वेळ लागतोच. मी घड्याळात पाहिलं. बारा एकतीस. माझ्या हिशेबात दोन मिनिटांची चूक होती, आणि त्याही क्षणी ती मला टोचली.

खाली फोन वाजत होता. मेश्राम होते.

"मॅडम, गेली न तुमची बहीण. बारा एकतीस. दिसली का?"

"दिसली," मी म्हणाले.

ताटात भात तसाच होता. नाना हात धुऊन आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

सोमवारी माझी दुपारची पाळी होती. अकराच्या पुढे चारूचा फोन आला. नानांनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"पोचलात? थंडी आहे का? ... दिसला? खरंच? कसा दिसला?" बराच वेळ ते ऐकत राहिले. "बरं, बरं. हिऱ्यासारखा? वा." मग हाक आली. "कुमू, घे. चारूला दिसला म्हणतेय आरसा."

माझे हात ओले होते. पदराला पुसून मी फोन घेतला. दिसला? कुणाचा आरसा दिसला? बारा बाराला ती जवळजवळ अडीचशे किलोमीटर मागे होती, गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलावर.

"ताई," चारू हळू आवाजात म्हणाली, "नाना जवळच आहेत?"

"आतल्या खोलीत गेले."

"मला काही दिसलं नाही गं. तू सांगितलेल्या वेळेला बघत बसले, तर खाली नुसतं रान. श्रीकांत म्हणे आता झोप, गेलं नागपूर. मी नाही झोपले. मग साडेबाराला, म्हणजे माझ्या घड्याळात तीनला, कॅप्टनने सांगितलं, डाव्या हाताला नागपूर. मी पुन्हा काचेला नाक लावलं. विमानतळ दिसला. अंबाझरीचं तळं दिसलं, ताई! त्यावरून मी खामला शोधत होते. पण चमक नाही."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"हॅलो? ताई? नानांना सांगू नकोस हं. मी दिसला म्हणून सांगितलंय. किती वेळ उभे होते ते?"

"अर्धा तास."

"बघ." ती नाक ओढत होती. सर्दी असेल किंवा नसेल. "आणि तुझं चुकलं असंही त्यांना नको कळायला. त्यांना ते सहनच व्हायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! प्रत्येक पत्रात पहिला परिच्छेद तुझा असतो. कुमूचा फुगा काल एकवीस किलोमीटर चढला. आज तेवीस. एकदा फुगा उमरेडला पडला होता ना, तर ते बसने बघायला गेले होते. तुला नाही सांगितलं? मला दोन पानं लिहिली होती. खरं सांगू, मला कंटाळा यायचा वाचून. मी त्यांना सिंगापूरचं सगळं लिहायची आणि ते उत्तरात तुझा फुगा पाठवायचे." ती हसली. "जाऊ दे. बिल वाढेल. ठेवते."

फोन ठेवून मी तिथेच उभी राहिले. उमरेडला फुगा पडला होता, दोन वर्षांपूर्वी. त्या दिवशी नाना सकाळीच बाहेर गेले होते आणि संध्याकाळी धुळीने भरलेल्या चपला घेऊन आले होते. कुठे गेला होता, असं मी विचारलंसुद्धा नव्हतं. घड्याळात साडेअकरा झाले होते. पत्राला उत्तर द्यायला संध्याकाळपर्यंत वेळ होता.

आतल्या खोलीत नाना टेबलाशी बसले होते. पृथ्वीगोल समोर होता. 'चारू – रोम' असं लिहिलेली नवी चिठ्ठी ते दोऱ्याला बांधत होते आणि गाठ बसत नव्हती. मी समोर बसले. गाठ मारून दिली.

"चांगली मुलगी आहे," नाना म्हणाले. "दिसला म्हणाली."

"हो."

"हिऱ्यासारखा, म्हणे." त्यांनी दोरा डब्यात ठेवला, झाकण लावलं नाही. "कुमू, ते विमान उत्तरेला गेलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"डोळे गेलेत, पण दिशा कळते मला अजून. पस्तीस वर्षं तेच शिकवलं. सिंगापूरचं विमान आग्नेयेकडून येईल. ते दक्षिणेकडून आलं. आरसा खाली घेतला तेव्हा कळलं."

"मग तुम्ही खाली का आलात? थांबला का नाहीत?"

"तू 'धरला' म्हणालीस ना," नाना म्हणाले. "थांबलो असतो तर तुझा हिशेब चुकला असं झालं असतं. काकूंसमोर. मग म्हटलं, चुकला नसेलच. विमान आधीच गेलं असेल, मला दिसलं नसेल." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "रात्री पडल्या पडल्या पुन्हा हिशेब केला. तीन हजार चारशे ऐंशी भागिले नऊशे. बरोबर बारा बारा येतं. वारा न धरता."

नानांनी चष्मा पुन्हा घातला.

"किती होता काल वारा?"

"पासष्ट नॉट. पश्चिमेचा."

"तुला कधी कळलं?"

"आकडा काल सकाळी सातला. पण शनिवारीच माहीत होतं. दोन्ही वेळा काढल्या होत्या मी." माझा आवाज कार्यालयात आकडे वाचून दाखवताना असतो तसाच होता. "खरं विमान बारा एकतीसला गेलं, नाना. मी वर होते. आरसा माझ्या हातात होता."

 नाना रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डब्यातले दोरे बोटाने चाळवले, एक उचलला, ठेवला.

"का गं?" शेवटी त्यांनी विचारलं. अगदी हळू, गणित अडलेल्या मुलाला विचारतात तसं.

  मी बाहेर जाऊन पर्स आणली. त्यातलं पत्र काढून टेबलावर उलगडलं. मग डब्यातलं रीळ घेतलं, दोरा सोडवला, आणि त्याचं टोक गोलावर नागपूरला टेकवलं.

"हे टोक धरा," मी म्हटलं.

नानांनी अंगठा ठेवला.

"सोडू नका."

दोरा मी खाली नेला, श्रीकाकुलमवरून, निळ्यावरून, त्या बारक्या तुटक ठिपक्यांपर्यंत, आणि ताणला. चार सेंटिमीटर दोन मिलिमीटर. नाना दोऱ्याकडे बघत होते, मग पत्राकडे, मग पुन्हा दोऱ्याकडे. अंगठ्याखालचं टोक त्यांनी सोडलं नाही.

"नाना," मी म्हणाले, "मी पोर्ट ब्लेअरला जाते आहे."